कुलर बंद करायला लावणारं वाक्य

यवतमाळात मे महिन्यात चालू कुलर कुणी बंद करत नाही. पाहुणा आला तर आवाज चढवून बोलतात, फोन आला तर तो घेऊन अंगणात जातात, पण कुलरच्या बटणाला हात लावत नाहीत. ज्या मॅडमकडे मी माझा निबंध सुधारून घ्यायला जायची, त्यांची सगळी शिकवणी मात्र या एका बटणावर चालायची.

निबंध कशाचा, ते आधी सांगते. पुण्याच्या एका संस्थेचा वर्षभराचा अभ्यासक्रम होता, खेड्यापाड्यातल्या पदवीधर मुलामुलींसाठी. गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलायचं आणि ते नीट लिहायला शिकायचं. राहणं-खाणं त्यांच्याकडे. मी बी.ए. होऊन बाभुळगावजवळच्या आमच्या गावात घरी बसले होते, आणि घरी बसलेली मुलगी फार दिवस कुणाला पाहवत नाही. आईने स्पष्ट सांगून टाकलं होतं की पुण्याचं जमलं तर जा, नाही जमलं तर पाहुणे बोलावते. म्हणजे एकीकडे पुणं आणि दुसरीकडे कांदेपोहे. मला पुणं हवं होतं, इतकं हवं होतं की मी देवाला मार्कांसाठीही कधी बोलले नव्हते ते नवस बोलून मोकळी झाले होते.

निवड मार्कांवर नव्हती. ‘तुमच्या घडणीविषयी लिहा’ एवढंच फॉर्ममध्ये म्हटलं होतं. लिहिलेलं आवडलं तर मुलाखत, नाहीतर राम राम.

आता आमच्या घरात कुठलंच काम एकट्याने होत नाही, मग निबंध तरी कसा होणार? त्यात नेरच्या एका मुलाची अशाच कुठेतरी निवड झाली होती आणि तो बाबांना बसस्टँडवर भेटला होता. त्याने सांगितलं, “काका, यवतमाळ म्हटलं का त्यायले दुःख लागते. दुःख नसलं त फॉर्म वाचतच नाही ते.” बाबा ते ऐकून आले ते थेट ओट्यावर बसले आणि म्हणाले, “कागद आन.”

आमचे बाबा पोळ्याच्या झडत्यांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की ते हात वर करून झडती म्हणतात, म्हणजे यमकातल्या चार टोमणेवजा ओळी फेकतात. त्यात सरपंचालाही सोडत नाहीत आणि जावयालाही सोडत नाहीत. असा माणूस माझ्या निबंधाला बसला.

“लिह, बाप आजारी हाय.”

“कशानं?”

“तू लिह त. आजार मागून पाहू.”

आईने मधेच अट घातली की घर गळकं लिहायचं नाही. “मागच्या साली स्लॅब टाकला. कोनी वाचलं त काय म्हनन?” त्यावरून दोघांचं जुंपलं. घर गळत नाही आणि बाप नुसता आजारी आहे, एवढ्या भांडवलावर पुणं कसं मिळणार, हा बाबांचा प्रश्न होता. तेवढ्यात भाजी निवडत बसलेली काकू मान वर न करता म्हणाली, “मले मार.”

आम्ही सगळे तिच्याकडे पाहायला लागलो.

“नाही त काय! आईले मारली त अपशकुन. बापाले मारलं त वावर कोन पाहीन? मी मोकळीच हाय. मार मले. पन बिमारीनं नोको मारू, लोळत ठेवशीन. साप चावला लिह. लवकर होते.”

काकूला मूलबाळ नाही. लहानपणापासून मी तिच्याच कुशीत झोपले. काका खरोखरच गेले होते, मी तिसरीत होते तेव्हा. ते दुःख निबंधात घालावं असं मात्र त्या ओट्यावर कुणालाही सुचलं नाही. कागदावर काकूला साप चावला, बाबांनी अंथरूण धरलं आणि आई उपाशी राहिली. लिहून झाल्यावर बाबांनी निबंध मोठ्याने वाचला आणि समाधानाने मिशीवरून हात फिरवला.

तो घेऊन मी रविवारी यवतमाळला मॅडमकडे गेले. मॅडम शहरातल्या जुन्या नोकरदार घरातल्या. सासरे कचेरीत होते, नवरा बँकेत. त्या स्वतः बरीच वर्षं कॉलेजात शिकवायच्या. आता गुडघ्यांमुळे घरी असत, आणि फॉर्म भरणाऱ्या मुली रविवारी त्यांच्याकडे निबंध घेऊन येत. त्या कधीही कागद हातात घ्यायच्या नाहीत. “कागद पाहिला की डोळा चुकाच शोधत बसतो. चुकांचं शेवटी पाहू. तू वाच.”

वाचायचं कुठून, तर दारापासून. मॅडम बसायच्या समोरच्या भिंतीला, कुलरच्या अगदी तोंडाशी. तो पत्र्याचा जुना कुलर धडधडत असायचा. वाचणारीला ओरडावं लागायचं. मॅडम डोळे मिटून ऐकायच्या. वाक्य चांगलं असलं तर त्या उठून कुलर बंद करायच्या, कारण पुढचं नीट ऐकायचं असायचं. बस, एवढीच त्यांची शाबासकी. पुसदच्या एका मुलीने म्हणे आजोबांच्या चष्म्याबद्दल असं काही लिहून आणलं होतं की कुलर शेवटपर्यंत बंद राहिला आणि दोघी घामाने निथळत बसल्या. त्या मुलीची गोष्ट बाकीच्या मुली फार आदराने सांगायच्या.

मी घसा साफ केला आणि ओरडले, “आमच्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळला!”

कुलर चालूच. मी आणखी जोर लावला. काकू सर्पदंशाने गतप्राण झाली तेव्हा तर मी इतकी ओरडले की शेजारच्या काकांनी कुंपणावरून डोकावून विचारलं, “काय झालं जी? कोन गेलं?”

“कोणी नाही,” मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या. “निबंध आहे.”

मी शेवटपर्यंत वाचलं. कुलर एकदासुद्धा बंद झाला नाही. मॅडमनी मला पाणी दिलं.

“कसा वाटला?”

“मागच्या रविवारी एकीच्या मावशीला साप चावला होता. त्याच्या आधी एकीच्या भावाला. कोणत्या गावचा आहे गं हा साप?”

मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि आला की माझं शुद्ध मराठी गळून पडतं. मी ताडकन म्हटलं, “मंग काय करू मी? माह्या मनानं लिहिलं काय हे? बाबा म्हने बाप आजारी लिह, आजार मागून पाहू. आई म्हने घर गळकं नोको लिहू, स्लॅबची इज्जत जाते. अन् काकू त म्हने मलेच मार, पन बिमारीनं नोको, सापानं मार, लवकर होते!”

मॅडम उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या आणि त्यांनी कुलर बंद केला.

त्याचं पातं फिरत फिरत थांबलं. आत पाणी टपटपत होतं, तेवढाच आवाज राहिला. मॅडमची भाषाही एकदम शहरातून गावात उतरली. “काय म्हनली काकू? पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं. मॅडम हसायला लागल्या, खुर्चीत बसून हसल्या, डोळे पुसून पुन्हा हसल्या. मलाही हसू आवरेना. मग म्हणाल्या, “हे लिही.”

“याच्यात दुःख कुठं आहे?”

“दुःख मागितलंय कुठे त्यांनी? फॉर्म दाखव मला.”

मी फॉर्म काढला. वरून खालून पाहिला. दुःख कुठेच मागितलं नव्हतं. घडणीविषयी लिहा, एवढंच होतं.

“मग जी बाई तुझ्यासाठी मरायला तयार होते, आणि कशाने मरायचं तेही आपणच ठरवून देते, तिने तुला घडवलं नाही का?”

घरी रोज जिच्या हातची भाकर खाते ती काकू मला त्या परक्या खोलीत, दाराशी उभ्या उभ्या, पहिल्यांदा नीट दिसली. माझे डोळे भरून आले.

मग आम्ही बसलो. मी लिहायची, दाराशी जाऊन वाचायची, परत येऊन लिहायची. ‘काकू अत्यंत प्रेमळ व त्यागी आहे’ असं मी वाचलं आणि मॅडमनी कुलर पुन्हा चालू केला. म्हणाल्या, “प्रेमळ म्हणू नको. तिने काय केलं ते सांग आणि पुढे हो.” ‘त्यागी’ गेलं. ‘माझे वडील हे एक हरहुन्नरी व्यक्तिमत्त्व’ गेलं. मला ते वाक्य फार आवडलं होतं, मी वाद घातला. मॅडमनी नुसतं कुलरकडे बोट दाखवलं. मग मी लिहिलं की पोळ्याच्या आधी बाबा नव्या झडत्या गोठ्यात जाऊन बैलाला म्हणून दाखवतात, आणि बैलाचा कान हलला तरच ती झडती ठेवतात. कुलर बंद झाला. दुपार कलेपर्यंत माझी ओढणी पिळून काढावी इतकी भिजली होती, आणि तो घाम मला मोठा अभिमानाचा वाटत होता.

संध्याकाळी बाबा मोटारसायकलवर मला घ्यायला आले. मॅडमसाठी शेताच्या धुऱ्यावरच्या आंब्यांची पिशवी आणली होती. मॅडमनी दार उघडलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “या. तब्येत कशी आहे आता?”

बाबांनी क्षणभरही वेळ लावला नाही. हात कमरेवर गेला, खांदे पडले, बारीकसा खोकला निघाला. “चालली जी कशीतरी,” म्हणाले. मी मान खाली घालून चपला शोधत राहिले.

परतीच्या रस्त्यावर मी त्यांना सांगितलं की आजारपण काढलं, सापही काढला, सगळं खरं लिहिलं आहे. बाबा गप्प झाले. बाबा गप्प बसले की आमच्या घरी थर्मामीटर शोधतात. बाभुळगाव मागे पडलं तेव्हा ते म्हणाले, “आपल्या घरात हाय काय लिहाले? रोजचंच त हाय. त्याच्यावर तुले कोन घेईन?” त्यांचा आवाज इतका साधा होता की मला झडतीवाले बाबा पुढे बसले आहेत असं वाटेचना. त्यांना माझं पुणं माझ्याइतकंच हवं होतं, आणि आपल्याजवळ त्यासाठी द्यायला काही नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख होती. दुपारी जेवणं झाल्यावर मी म्हटलं, वाचते, मग पाठवते. आई आणि काकू भिंतीला टेकून बसल्या. बाबा कुलरसमोर माझ्याकडे पाठ करून आडवे झाले. ऐकायचं नाही हे त्यांनी पाठीनेच सांगितलं. मी त्या धडधडीत वाचायला लागले. स्लॅबची इज्जत आली तेव्हा आई म्हणाली, “हे बी लिहिलं काय, पोट्टे!” काकूचं आलं तेव्हा काकू पदर तोंडावर धरून बसली. हसत होती की काय करत होती, मला कळलं नाही. मी बाबांच्या झडत्यांवर आले, गोठ्यावर, बैलाच्या कानावर आले, आणि एकदम कुलर बंद पडला.

लाईन गेली असं मला वाटलं. आमच्याकडे दुपारी ती जातेच. पण देवासमोरचा लाल दिवा चालू होता. मी मान वर केली तर बाबा बटणापाशी उभे होते. मॅडमच्या घरी कसं चालतं हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

“मांगून वाच,” ते म्हणाले. “बैलाच्या कानाचं नीट आयकू नाही आलं.”

मी गोठ्यापासून पुन्हा वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. चौघंही घामाने चिंब झालो आणि बटणाला कुणी हात लावला नाही. बाबा म्हणाले, “धाडून दे.” मी पाठवून दिलं.

जूनच्या सुरुवातीला मुलाखत झाली, फोनवरच, व्हिडिओ कॉलवर, घरूनच. पाऊस अजून आला नव्हता. माझ्या बाजूला, फोनमध्ये दिसणार नाहीत अशा बेताने तिघं दाटीवाटीने बसली होती, आणि कुलर बाबांनी सकाळपासूनच बंद ठेवला होता. समोरच्यांनी गावाबद्दल विचारलं, वाचनाबद्दल विचारलं. मग त्यांच्यातल्या एक बाई हसू दाबत म्हणाल्या, “एक विचारू? काकू खरंच असं म्हणाल्या होत्या, की हे तू रचलंस?”

खरं लिहिलं तेच खोटं वाटलं तर आता पुणं गेलं. मी काही सांगायच्या आत काकूने पदराने मान पुसली, मला कोपराने बाजूला सरकवलं आणि फोनसमोर आली. आयुष्यात पहिल्यांदाच ती अशा फोनवर बोलत होती, म्हणून वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारतात तशी ओरडली.

“म्हनलं होतं ना जी! आताही तयार हाय. पन आंधी पोरीले घ्या.”

मग त्या बाई म्हणाल्या, “काकू, तुम्ही शंभर वर्षं जगा. पोरीला आम्ही घेतलं.”

बाबांनी उठून कुलर लावला.