पदर आणि पाचवी नस

परवा दाढ ठणकायला लागली म्हणून कपाटातून लवंगेच्या तेलाची बाटली काढली. बूच उघडताच तो तिखट, उष्ण, मागाहून जरासा गोडसर होणारा वास आला आणि दाढ बाजूलाच राहिली. माझ्या लेखी हा वास माझ्या आत्याचा आहे. सत्तरच्या दशकातले दोन-तीन हिवाळे ती मांडवगण फराट्याहून आमच्याकडे दौंडला यायची, तेव्हा तिच्या लुगड्याला, उशीला, ती चहा प्यायलेल्या कपालासुद्धा हाच वास असायचा. वासानं माणूस हळवं होतं म्हणतात. मी होत नाही. मला आधी थोडी धास्ती वाटते आणि मग लगेच सुटल्यासारखं वाटतं, कारण या गोष्टीचा शेवट मला ठाऊक आहे.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. बागायतदाराच्या घरात दिलेली, उसाच्या तोडीला बायकांची टोळी हाताखाली घेऊन उभी राहणारी, आणि बोलकी. एवढी बोलकी, की पॅसेंजरनं केडगावहून दौंडला येईपर्यंत डब्यातल्या सगळ्यांची सासर-माहेरं तिला पाठ व्हायची. हीच बाई एका थंडीत बोलता बोलता मध्येच थांबायला लागली. वाक्य अर्धं तुटायचं, उजवा डोळा गच्च मिटायचा, हात गालाकडे जायचा आणि गालाला न लावता तसाच हवेत राहायचा. चार श्वासांत सगळं संपायचं. मग ती डोळे पुसून विचारायची, "मी काय सांगत हुते?" आम्हाला ते आठवत असे, पण पुढचं ऐकायची हिंमत होत नसे.

दुखणं दाताचं, यात कुणालाच शंका नव्हती. कळ खालच्या दाढेतून निघायची आणि डोळ्याच्या खालपर्यंत सळकन जायची. घास चावला, चूळ भरली, दारातून गार वारं आलं, की निघाली. शिरूरला बाजाराच्या दिवशी मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तिला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि दाढ काढून आणली. आश्चर्य म्हणजे कळ थांबली. अख्खा उन्हाळा, अख्खा पावसाळा ती फुटाणे खायला मोकळी झाल्यासारखी हिंडली. हे दुखणं मधूनच आपणहून असं गप्प बसतं, हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही श्रेय दाढेला दिलं. त्यामुळे पुढच्या थंडीत कळ परत आली, तेव्हा चुकून शेजारची दाढ राहिली असणार, हे सरळच होतं. मग ती काढली. मग तिच्या शेजारची. शिरूरचे डॉक्टर म्हणायचे, दात तर चांगला आहे. पण आमच्याकडे डॉक्टरकडे जाऊन काही टोचून किंवा काढून घेतलं नाही, तर ती खेप वाया गेली असं धरतात. मामा म्हणायचे, "आता आलोच हाय यवढ्या लांब, तर काढूनच टाका." निघालेला दात ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा असायचा.

तोवर घरात दुसरंच दुखणं सुरू झालं होतं, आणि ते आत्याला जास्त लागत होतं. त्या घरात सासऱ्यांसमोर, दिरांसमोर, पाहुण्यांसमोर डोक्यावरून पदर घ्यायचा, तोही दोन्ही गालांवर येईल असा. आत्यानं तीस वर्षं तो घेतला. आता पदराचा काठ उजव्या गालाला नुसता घासला, तरी कळ उठायची. मग ती पदर कानामागे खोचायची, नाहीतर खांद्यावरच ठेवायची. तिच्या सासूबाई जुन्या वळणाच्या आणि जिभेनं तिखट. पाहुण्यांदेखत म्हणायच्या, "सून म्हातारी झाली म्हंजी सासू मेली व्हय? मी हाय अजून." आत्या उत्तर देत नसे. न बोलणारी आत्या म्हणजे उर्मट आत्या, असा अर्थ त्या घरानं आणि हळूहळू गावानंही लावला. एका लग्नात तिनं ओठावर लोंबणारी नथ घालायला नकार दिला, तेव्हा तर बोलायचंच राहिलं नाही. सासूबाईंनी तिच्या हातचं पाणी घेणं बंद केलं.

अशा अवस्थेत ती दौंडला आली ती ठरवूनच. आल्या आल्या पिशवी ठेवली आणि म्हणाली, "समदे काढायचे. वरचे, खालचे. कवळी बसवायची. एकदाची कटकट मिटू दे." बोलताना ओठ हलू नयेत म्हणून दात आवळून, पुटपुटत. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच लागले होते. दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी होती, म्हणून सकाळीच तिला स्टेशनजवळच्या दाताच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, नवीनच आलेले, आणि दवाखान्यात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. दात काढून घ्यायला एवढं उत्सुक गिऱ्हाईक मिळाल्यावर त्यांनी हत्यारं उकळायला ठेवायला हरकत नव्हती. त्यांनी नुसतं विचारलं, "कुठं दुखतं, बोटानं दाखवा."

आत्यानं बोट उचललं, गालाजवळ नेलं आणि केसभर अंतरावर थांबवलं.

"लावून दाखवा ना."

"येडी हाय का मी?" आत्या म्हणाली.

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. दात पाहायच्या आधी त्यांनी तिचं तोंड नीट पाहिलं. डावा गाल स्वच्छ होता, उजवा कित्येक दिवस न धुतलेला. कुंकू मधोमध, पण उजव्या भुवईकडे जायचं टाळलेलं. डोक्यावरचा पदर फक्त डाव्या बाजूनं आलेला. हे सगळं आम्ही रोज बघत होतो. ते म्हणाले, "मावशी, तुमचा एकही दात मी काढणार नाही. हे दाताचं नाहीच, नसेचं आहे." आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "चल. ह्याला काढता येत न्हाई."

तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला मला पुष्कळ भांडावं लागलं. तिथं डोक्याचा फोटो काढला. तो उजेडात धरून तिथले पोक्त डॉक्टर म्हणाले, "फोटो चांगला आहे. काही नाही." आत्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"काहीच न्हाई? मग मी सोंग करती व्हय?"

"नस या फोटोत दिसत नाही, बाई," ते म्हणाले. "दुसरं काही वाईट नाही ना, ते बघायला फोटो." मग त्यांनी टेबलावरची कवटी उचलली आणि तिच्या तळाची भोकं दाखवली. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात, वासाची वेगळी, नजरेची वेगळी, आणि त्यांतली पाचवी चेहऱ्याची. तिला तीन फाटे. एक कपाळाकडे, एक गालाकडे, एक खालच्या जबड्याकडे, दातांत. दुखतं नसेच्या मुळाशी आणि वाटतं दाढेत. आत्याला कवटीकडे बघवेना. पण मला ते एकदम कळलं, कारण माझा दिवस तारांतच जायचा. बाहेर खांबावर तारेला तार लागली की भलत्याच घरात घंटा वाजते. ते लोक चिडून फोन आपटतात. फोनचा काय दोष? मी आत्याला तसंच सांगितलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग पुटपुटली, "म्हंजी तीन फोन फुकट फोडले आपण."

गोळी मिळाली ती फिट येणाऱ्यांना देतात ती. यावरून आणखी एक तंटा झाला, कारण तिला कधी फिट आली नव्हती आणि गावात हे कळलं तर नातींची लग्नं अडतील. पहिले काही दिवस ती भिंतीला धरून चालली, डोकं गरगरतं म्हणाली, मला शिव्या दिल्या. आणि मग एका सकाळी मोरीतून पाण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आत्या दोन्ही हातांच्या ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारत होती. उजव्या गालावर, पुन्हा पुन्हा. साबण लावला, धुतला, परत लावला. आई म्हणाली, "अगं पुरे, कातडं निघंल." आत्या थांबली नाही. मी रडणारी नाही. चहा ठेवायला आत गेले.

तिला पोचवायला मी मांडवगणला गेले. सासूबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नस, फाटे, गाल, पदर. त्यांनी मान वर केली नाही. शेवटी सुनेला म्हणाल्या, "येवढं व्हतं तर त्वांडानं सांगायचं न्हाई का?"

"त्वांड हाललं की तर दुखायचं!" आत्या म्हणाली. "सांगू कशानं?"

म्हातारीच्या हातातली पाकळी खाली पडली. ती पहिल्यांदा सुनेच्या तोंडाकडे नीट बघत होती. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्यो पदर. मागंच ऱ्हाऊ दे." आणि जरा थांबून, "पाणी आण मला."

आत्यानं पाणी आणलं. आणताना पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही बाजूंनी, काठ गालावर येईल असा. सक्ती नव्हती म्हणूनच घेतला असावा.

आता यंत्रात झोपवून नस दिसते म्हणे, तिला टेकलेली रक्तवाहिनीसुद्धा दिसते. चांगलं झालं. आणखी कुणाचे दात वाचतील. आत्याची कळ पुढे अधूनमधून डोकावत राहिली, गोळी वाढली, कमी झाली. कळेचा हिशेब आत्याला कळला होता. गेली ती वयानं, झोपेत. डोक्यावरचे पदरही त्या घरातून आपणहून उतरले, आणि त्याबद्दल मला काडीचं दुःख नाही. आनंद शिळे होतात, सणांसारखे एकमेकांत मिसळतात. पण सुटकेचे दिवस वेगवेगळे आठवतात. त्या दुपारी मी परतीच्या एस.टी.साठी निघाले, तर मागून ओसरीवरचा आत्याचा आवाज येत होता. पुण्याचा दवाखाना, ती कवटी, फिटची गोळी, सगळं ती सासूला सांगत होती. मी सवयीनं कान देऊन चालले होते, कुठं तुटतंय ते ऐकायला. वळणापर्यंत ऐकू आलं. एकही वाक्य अर्धं राहिलं नाही.