मिशीतून गळणारी हवा

"झोपलो नव्हतो सर, डोये मिटून इचार करून राह्यलो होतो."

हे वाक्य आमच्या उस्तादांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. लग्नाच्या पंगतीत, पुढ्यातली बुंदी तशीच ठेवून मान छातीवर पडली, तरी तो विचारच. न्हाव्याच्या खुर्चीत, सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायात आणि एकदा तर पोरीला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा विचारच. विचार करताना माणूस एवढा घोरतो, तर त्याचे विचार केवढे खोल असतील, असं तुम्हालाही वाटलं असतं.

उस्ताद म्हणजे आमच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर. वाशीमला त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून होतं. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे दिवसा त्यांची बस आणि रात्री त्यांचं घोरणं, असा दोन्ही वेळचा लाभ मला होता. आता ते मंगरूळपीरकडे आपल्या गावी राहायला गेलेत आणि भिंतीपलीकडे कुणी मोबाईलवर रिंगटोन वाजवत बसतं. ते घोरणं परवडलं.

अंगानं भरलेले, मान जवळजवळ नाहीच. मिशी मात्र अशी की ओठावरून निघायची आणि गालांवरून थेट कानाच्या दिशेनं चालू पडायची. शाळेतली पोरं तिला 'हँडल' म्हणायची. हे उस्तादांना माहीत होतं आणि ते आवडतही होतं.

घोरण्याचीही एक तऱ्हा होती. आवाज चढत चढत जायचा आणि मध्येच बंद. पार बंद. मी कूस बदलून म्हणायचो, चला, सुटलो. तेवढ्यात गाडी गचका खाऊन पुन्हा सुरू व्हायची.

मग एका सकाळी ते रेल्वे फाटकाचं झालं. शाळेच्या वाटेवर फाटक लागतं. ते पडलेलं होतं म्हणून उस्तादांनी बस उभी केली, इंजिन बंद केलं. मालगाडी आली, गेली. फाटक उघडलं. बस जागची हलेना. मागच्या जीपवाल्यानं हॉर्नचा सपाटा लावला, पोरं खिडक्यांतून ओरडायला लागली, आणि उस्ताद स्टेअरिंगवर डोकं टेकून गाढ. मी जाऊन खांदा हलवला तेव्हा दचकून उठले आणि म्हणाले, "झोपलो नव्हतो..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, कारण पहिल्याच सीटवर मोठ्या बाई बसल्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या मागे वळून पोरांकडे बघत राहिल्या. एकेकाकडे.

दुसऱ्या दिवसापासून उस्तादांना स्टेअरिंग बंद. डॉक्टरांचं पत्र आणा, तोवर शाळेच्या गेटवर बसा. दिवाळीपर्यंत पत्र आलं नाही तर दुसरा ड्रायव्हर कायमचा ठेवू. एकोणीस वर्षं बस चालवलेला माणूस गेटवर स्टुलावर बसला. बदली ड्रायव्हर बस मागे घ्यायला लागला की हे बसल्या जागी हवेत स्टेअरिंग फिरवायचे. बघवत नसे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी रात्रभर अंगाला वायरी लावून तपासलं आणि सांगितलं, झोपेत गळा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा करतो. असं रात्रभर. म्हणून दिवसा पेंग. उपाय एक मशीन. सीपॅप म्हणतात त्याला. नाकातोंडावर मास्क, त्याला नळी, नळीतून दाबाची हवा. गळा मिटू देत नाही.

पहिल्याच रात्री वहिनींनी हात जोडले. "सोंड लावून बसले त मले वाटलं गणपतीच आले. मोदक तेवढे राह्यले."

सोंडेनं उस्तादांची दैना केली. तोंड कोरडं ठाक. नाकावर लाल वळ. पोटात हवा भरून सकाळी अशा ढेकरा, की मी भिंतीपलीकडे चहा पिता पिता थांबायचो. मास्क लावला की जीव गुदमरायचा, दहाव्या मिनिटाला ओरबाडून फेकायचे. "सर, थे काय मशीन हाय? तोंडात तोंड घालून भांडते. बायको तरी श्वास घ्यायले थांबते."

सोबत आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन मी मास्तरकीला लागलो. त्यात लिहिलं होतं, आधी दिवसा, जागेपणी मास्क लावून बसा, सवय होते. मग उस्ताद शाळेतून आल्यावर सोंड लावून टीव्हीवर कुस्त्या बघायचे. हवा आधी हळू सोडून मग वाढवायचं एक बटण असतं, ते सापडलं तेव्हा गुदमरणं अर्ध्यानं कमी झालं. वहिनींनी जुन्या सुती लुगड्याचे पट्टे कापून मास्कच्या कडेला बेतले, नाकावरचा वळ गेला. मशीनच्या डबीत रोज पाणी भरलं की तोंड सुकत नसे. एवढं सगळं जमलं. पण मशीनमध्ये एक कार्ड होतं आणि ते सगळं लिहून ठेवायचं. किती तास लावलं, किती श्वास घेतले, किती हवा गळाली. रोजचे तास भरल्याशिवाय डॉक्टर पत्र देणार नव्हते.

तास भरेनात. तेव्हा उस्तादांनी डोकं चालवलं. घरात एक मोठं कोहळं होतं. भाजीचं, तांबडं, त्यांच्याच डोक्याच्या मापाचं. त्याला मास्क बांधला, मशीन सुरू केलं, उशीवर निजवलं, आणि स्वतः बाजूला सतरंजीवर आडवे झाले. असं सलग तीन रात्री.

अकोल्याला मी सोबत गेलो होतो. डॉक्टरांनी कार्ड बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"या तीन रात्री तुम्ही एकदाही श्वास घेतलेला नाही."

उस्ताद माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे बघायला लागलो.

"म्हणजे, कमी घेतला असंन," उस्ताद म्हणाले.

घरी आल्यावर वहिनींनी त्या कोहळ्याची भाजी केली आणि वाटीभर आमच्याकडेही पाठवली. कोहळ्याचा विषय तिथं संपला.

पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. बाकीच्या रात्रींची अर्धी हवा गालांवरून गळत होती. मास्क कातडीला चिकटायला हवा आणि मध्ये मिशी आडवी. दुसरे दोन प्रकारचे मास्क लावून बघितले, तीच गत. "मिशी काढा. पंधरा दिवसांत पत्र देतो."

परतीच्या बसमध्ये उस्तादांनी डोळासुद्धा मिटला नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मिशीचा तोरा हे कारण असतं तर मीच चिडवून चिडवून ती उतरवायला लावली असती. पण घरी आबा होते. उस्तादांचे वडील, ऐंशीच्या पुढचे, दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करणारे. आमच्याकडे मुलगा मिशी उतरवतो ती बाप गेल्यावर. बाप ओट्यावर बसलेला असताना वस्तरा लावणं म्हणजे त्याचं मरण मागून घेणं. उस्तादांनी वहिनींनाही सांगितलं नाही. दिवाळी तीन आठवड्यांवर आली. गेटवरच्या स्टुलावर ते हवेत स्टेअरिंग फिरवायचेही बंद झाले.

शेवटी मीच तोंड उघडलं. आबांनी ओट्यावरून हाक मारली होती, "मास्तर, हे पोट्टं काहून तोंड पाडून राह्यलं? सोंड त लावते रोज." माझ्या पोटात काही राहत नाही. सगळं सांगून टाकलं.

"बलाव त्याले," आबा म्हणाले.

उस्ताद आले, उभे राहिले.

"काहून रे, माह्यापासून लपवलं?"

"आबा, तुमी जिते असतांनी मिशी काढू? लोक काय म्हनतीन?"

"लोकायचं राहू दे. रातच्यानं तू घोरतं. मंग मधातच बंद पडतं. मी उठून बसतो. पुन्हा सुरू होयेलोक बसूनच राह्यतो. दहा वर्सं झाले, मले निजू देलं नाही तू." म्हातारा दम घेऊन पुढे बोलला, "माह्या आंधी तू गेला त थे मिशी घेऊन मी काय करू?"

मी ओट्याच्या कडेला उभा होतो. त्या बंद पडण्याला मी इतकी वर्षं 'सुटलो' म्हणत होतो. मला स्वतःची लाज वाटली, ती आजही वाटते.

शनिवारी संध्याकाळी न्हावी घरी आला. आरसा आबांनी धरला. मिशी गेली आणि खालून एक गोरापान, कधी ऊन न बघितलेला ओठ निघाला. उस्ताद एकदम दहा वर्षांनी लहान आणि जरा गुन्हेगार दिसायला लागले.

रविवारी सकाळी ते कोपऱ्यावर दूध आणायला गेले. नेमके आबा तेव्हा आंघोळीला, ओटा रिकामा. मग काय विचारता! उस्ताद दूध घेऊन येईपर्यंत मागे वीसेक माणसं, टोप्या काढलेली. समोरच्या काकूंनी दारातच पदर तोंडाला लावून सूर धरला. शेजारधर्म म्हणून कुणी पिठलं-भाकरीही आणली, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. उस्ताद "अवो, आयका तं" म्हणत होते, पण शोकात कोण कुणाचं ऐकतं!

तेवढ्यात पंचा गुंडाळून आबा बाहेर आले. "कोन गेलं हो बाई?"

काकूंचा सूर जागीच अडकला. फोन मात्र गेलेच होते. दहा वाजता रिसोडचे पाहुणे जीप करून हार घेऊन उतरले. आबा गळा पुढे करून म्हणाले, "आनला त घाला. गया जिता हाय अजून." हार घालून ते ओट्यावर बसले, पिठलं-भाकर खाल्ली आणि मिरची कमी पडल्याचं सांगितलं. कोण आलं, कोण नाही आलं, कोण खरं रडलं, सगळं त्यांनी नीट बघून घेतलं. असा योग कुणाच्या नशिबी असतो?

मास्क चिकटला. हवा गळायची थांबली. पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी पत्र दिलं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी उस्ताद पुन्हा बस घेऊन आमच्या गल्लीत उभे राहिले. मी चढायला गेलो तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि ओट्याकडे दाखवलं. उन्हं चांगली वर आली होती. रामराम घ्यायचं सोडून आबा भिंतीला टेकून झोपले होते, तोंड उघडं, घोरणं थेट लेकासारखं चढतं. ते मध्ये थांबतं का, हे बघायला उस्ताद थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. थांबलं नाही.

"झोपू द्या सर," ते हळूच म्हणाले.

हॉर्न न वाजवता त्यांनी बस गल्लीबाहेर काढली. हॉर्न ऐकू न आल्यामुळे दोन पोरं घरीच राहिली, म्हणून चौकातून परतावं लागलं. उस्तादांनी बस गल्लीच्या तोंडाशीच उभी केली आणि पोरांना आणायला ते त्यांच्या दारापर्यंत पायी गेले.