गल्लीत विचारलेला पत्ता

तिचं नाव इथं घेणार नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे झालं.

एचआयव्ही असलेल्या आयांच्या बाळांची तपासणी होते, त्या केंद्रात मी काम करते. ही बजाजनगरहून पोरीला घेऊन यायची. टाचेला सुई लागायच्या आधी, कुणी न सांगता, ती टाच आपल्या तळहातात धरून ऊब द्यायची. निघताना दर वेळी म्हणायची, "ताई, घरी येऊ नका. मीच येते."

दीड वर्षाच्या शेवटच्या तपासणीची तारीख तिची चुकली. मी चार दिवस थांबले आणि सरळ गेले. गळ्यात केंद्राचं ओळखपत्र तसंच होतं. नळावरच्या बायकांना तिचं नाव घेऊन खोली विचारली. त्या माझ्या गळ्याकडेच बघत होत्या. खोलीला कुलूप होतं. आपण काम चोख केलं, अशा समाधानात मी परतले.

आठवड्यानं ती आली. कंपनीत सुट्टी मिळाली नव्हती म्हणाली. घरमालकानं खोली रिकामी करायला लावली, हेही सांगितलं. पोरगी निगेटिव्ह निघाली. मी हसत हसत सांगितलं.

ती पोरीची टाच चोळत राहिली. मग म्हणाली, "लई चांगलं झालं ताई. आता हे बी गल्लीत सांगून येता का?"