गंधरसाची ओळ

आमचा ढोलकीवाला ऐनवेळी आजारी पडला, म्हणून नाताळच्या गाण्यांना पंचवटीतून एक काका आले. रामजन्माच्या पाळण्याला वाजवणारे! तालमीत काय रंगले! गाण्यात तारा उगवला की मान डोलायची, मेंढपाळ आले की बोटं नाचायची. पूर्वेचे ज्ञानी लोक बाळासाठी सोनं, ऊद, गंधरस घेऊन येतात, त्या ओळीला काकांनी विचारलं, "ताई, गंधरस म्हणजे?"

"प्रेताला लावायचं सुगंधी द्रव्य. बाळाचं पुढचं मरण सुचवतं ते."

"पाळण्यापाशीच?" त्यांचे डोळे चमकले. "मग इथं मी ढोलकीवरून हात उचलतो. बघाच तुम्ही!"

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये त्या ओळीवर ढोलकी एकदम थांबली. नुसते आमचे आवाज उरले.

ती ओळ मी लहानपणापासून गातेय. ऐकली मात्र त्या दिवशी.