करपल्या ज्वारीतली मेंढरं

देशमुखानं ज्वारीचं एक रोप उपटलं, त्याचा मधला कोवळा पोंगा खुडला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"खा," तो म्हणाला. "तुला चाऱ्यातलं लई कळतंय न्हवं? मग खाऊन दाव. मेलीस तर तुझं खरं."

बांधावर गावातली दहा-बारा माणसं उभी होती. माझा सासरा शेजारीच होता, हात जोडून, मान खाली घालून. मी तोंड उघडेना तेव्हा देशमुख त्याच्याकडं वळला. "सांग तिला, म्हाताऱ्या."

सासरा माझ्याकडं न बघता पुटपुटला, "खा माय. एकडाव खा."

मी खाल्लं. इतक्या पुरुषांपुढं, पदर सावरत, मेंढरासारखं चघळलं आणि गिळलं. लोक हसले. "आता बें बें कर म्हणावं," मागून कुणीतरी बोललं. देशमुखानं थोडा वेळ वाट बघितली. "हाय की जित्ती. सोड मेंढरं."

माझा गुन्हा एवढाच होता, की मी एक प्रश्न विचारला होता.

आम्ही धनगर. युसूफ वडगावच्या अलीकडं आमचा मुक्काम होता. नवरा अर्धी मेंढरं घेऊन बालाघाटाच्या डोंगरात गेलेला, अर्धी मी आणि सासरा सांभाळत होतो. राज्य निजामाचं, पण त्या शिवारात शब्द देशमुखाचा. त्या साली पाऊस पेरणीपुरता आला आणि पळाला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. मग एक सर पडली आणि मेल्या धांड्यांतून हिरवे पोंगे फुटले. देशमुखानं सासऱ्याला बोलावून घेतलं. आठ दिवस मेंढरं माझ्या रानात चारा आणि तिथंच बसवा म्हणाला.

मेंढरं रानात बसवली, की लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं. त्याबदल्यात धनगराला धान्य द्यायचं, असा दस्तूर. हा म्हणाला, धान्य नाही, पण चारा फुकट. सासरा हो म्हणून आला.

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. हा माणूस आमच्या मेंढरांना विहिरीवर फिरकू देत नव्हता. असल्या माणसाला एका रात्रीत दया कुठून फुटली? मी त्याच्या गोठ्याकडं बघितलं. त्याची बैलं गेल्या सालचा काळा पडलेला कडबा चघळत होती. समोर एवढं हिरवं, आणि स्वतःचा एक बैल त्यात नाही.

माझ्या बापानं मला चारा शिकवला होता. दव असताना गवत नको. बाभळीच्या शेंगा बेतानं. आणि करपलेल्या ज्वारीचा नवा पोंगा म्हणजे विष. भुकेल्या पोटी खाल्ला, तर घटकाभरात किराळ लागते, म्हणजे ते विष अंगात भिनतं, आणि जनावर पाय झाडत मरतं. ती ज्वारी कापायची, कडक उन्हात वाळवायची, मग थोडी थोडी घालायची. मी सासऱ्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "देशमुखाला कावून म्हणून इचारायचं नसतं."

मी विचारलं. बांधावर, सगळ्यांसमोर. "मालक, तुमची बैलं कावून न्हाईत ह्या रानात?"

त्यावर त्यानं मला तो घास भरवला.

माणसानं एक घास चघळणं वेगळं आणि चार दिवस अर्धपोटी राहिलेल्या मेंढरानं अधाशासारखं ओढणं वेगळं. हे देशमुखाला ठाऊक नव्हतं, यावर माझा आजही विश्वास नाही.

मेंढरं आत शिरली. ऊन चढायच्या आत पहिली पडली, पोटात कोकरू असलेली. तोंडाला फेस, श्वास घेता येईना. मग दुसरी. मग मोजायला सवड राहिली नाही. मी काठीनं, दगडानं, ओरडून उरलेली बाहेर काढली. सासरा एकेकीच्या घशात गुळाचं पाणी ओतत होता आणि लहान पोरासारखा रडत होता. दोन-तीन उठल्या. सतरा गेल्या. बांधावर मघाशी हसणारं एकही माणूस उरलं नव्हतं.

देशमुख दुपारी आला. "तुमच्या मेंढरांस्नी रोग हाय," तो म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा. "मेलेली हितंच पुरा, रानाला लागतील. उरलेली रातीला बसवा. शब्द दिलाय तुमी. न्हाईतर अमीनसाहेबाला सांगून ठाण्यात बसवीन."

सासरा फावडं उचलायला वाकला. मी मात्र तशीच उभी राहिले. रोगाची मेंढरं कुणी आपल्या रानात पुरू देतं का? म्हणजे रोग नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. जित्या मेंढराची लेंडी त्याला हवी होती आणि मेल्या मेंढराची हाडंही. आम्ही जगलो काय, मेलो काय, त्याच्या रानाला खत. माझी भीती कुठंतरी गेली होती.

"पुरणार न्हाई," मी म्हणाले. "बसवणारबी न्हाई."

"कुणाम्होरं बोलतीस?"

"तुमच्याम्होरं."

सासऱ्यानं माझा हात धरला. मी सोडवून घेतला. "मामा, तुमाला ऱ्हायचं तर ऱ्हावा. मेंढरं माझ्यासंगं येतील."

सतराच्या सतरा मी एकेक करून बांधाबाहेर ओढल्या. पहिल्या चार-पाच एकटीनं. मग सासराही मेंढरांचे पाय धरून ओढू लागला. ओढ्याच्या काठाला त्या पुरल्या आणि त्याच दिवशी नांदूरघाटाची वाट धरली. ते शिवार आम्हाला बंद झालं. अमीन आमच्या मागावर आहे, अशा बातम्या कितीतरी दिवस येत राहिल्या. सासरा मरेपर्यंत त्या घासाबद्दल माझ्याशी कधी बोलला नाही.

मला अजून राग आहे. देशमुखावर आहे, हसणाऱ्यांवर आहे, "खा माय" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यावरही आहे. सगळ्यांत जास्त स्वतःवर आहे, गिळलं म्हणून.

तीन सालांनी देशमुखाचा माणूस आला. रान कस सोडायला लागलंय, मालक आता धान्य देतील, मागाल तेवढं देतील, म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. आजही कळप त्या वाटेनं न्यायचा झाला, तर मी आणि माझ्या सुना मेंढरं बांधापासून लांब हाकतो. त्या रानात आमच्या मेंढराची एक लेंडी पडलेली नाही. मी जिवंत आहे तोवर पडणार नाही.