चाळलेल्या वाळूतल्या दोन अंगठ्या

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा जावयांनी मला मेटल डिटेक्टर आणून दिला. गोदावरीच्या काठी, घाटांच्या खाली वाळूचा एक पट्टा आहे. तिथे मी सकाळी तो फिरवत असे. बाटल्यांची बुचं, खिळे, कधी एखादं जुनं नाणं मिळायचं. पण कुठे काय वाजतं हे मला पाठ झालं होतं, आणि खरी मजा त्यातच होती.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी चाळिशीच्या एक बाई तिथे खाली वाकून काही शोधत होत्या. मी विचारलं. त्या एकलहऱ्याहून वडिलांच्या दहाव्याला आल्या होत्या. वडिलांची चांदीची साधी अंगठी भावाने त्यांच्या हाती दिली होती. सैल होती, हात धुताना निसटली.

"कुठे पडली?"

"या पायरीपासून त्या दगडापर्यंत कुठेतरी."

एवढीच जागा होती. अंधार पडत आला होता. मी म्हणालो, "उद्या उजाडताच शोधतो. तुमचा नंबर देऊन ठेवा."

सकाळी गेलो, तर वाळूवर नांगरल्यासारख्या सरळ रेघा. नदीकाठ साफ करायला नवं यंत्र आलं होतं. ट्रॅक्टरमागे जोडलेलं, वाळू उचलून चाळायचं आणि कचरा मागच्या पेटीत टाकायचं. ट्रॅक्टरवाला हरसूलकडचा होता. मला बघून म्हणाला, "काका, आता कशाला फिरवता? वरचं समदं उचललंय मशीननं."

"कचरा कुठे टाकला?"

"तो काय ढीग. पण त्यात लय घाण हाय."

ढिगावर डिटेक्टर धरला तर तो थांबेचना. मग हातमोजे घालून निर्माल्य, पिशव्या, तारा बाजूला करत बसलो. दुपारी एक चांदीची अंगठी मिळाली. बरं वाटलं. पण जाताना सहज त्या पायरी-दगडाच्या मधल्या वाळूवरून एक फेरी मारली, आणि जिथे कधीच काही वाजत नसे तिथे वाजलं. वीतभर खाली दुसरी अंगठी. तीही चांदीची, तीही साधी.

यंत्राच्या जाळीतून सुटून ती पडली होती, की कधीची खोल गाडलेली यंत्राने वर आणली होती? ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. "ते मला कसं कळणार?" तो म्हणाला. खरंच होतं ते.

मी फोन केला, दुसऱ्या दिवशी बाई आल्या. कुठली कुठे मिळाली ते सांगून मी दोन्ही अंगठ्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी एक बोटात घालून पाहिली, मग दुसरी. दोन्ही सैल.

"रोज बघत होते हो बाबांच्या हातात," त्या म्हणाल्या, "पण नीट कधी बघितलीच नाही."

मी म्हणालो, "दोन्ही घेऊन जा. भावाला दाखवा."

आठवड्याने त्या पुन्हा आल्या आणि वाळूतली अंगठी परत दिली. भावाने ढिगातली ओळखली होती.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला ही वाटत होती," त्या म्हणाल्या. "पण त्याला खात्री आहे, मला नाही. मग त्याचं ऐकलं."

तरीही ती अंगठी माझ्या हातात देताना त्यांनी एकदा उलटीसुलटी करून पाहिली. मी ठेवून घ्यायचा आग्रह केला, तर म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाच्या वडिलांची असेल तर?"

ती अंगठी अजून माझ्या कपाटात आहे. यंत्र आता दर आठवड्याला येतं. काठ स्वच्छ झालाय, बुचं फार वाजत नाहीत, हे चांगलंच म्हणायला हवं. पण आता काही वाजलं की मी नुसता उभा राहतो. वस्तू तिथेच पडली होती की यंत्राने आणून टाकली, काही सांगता येत नाही. बायको विचारते, "मग जाता कशाला?" जातो मात्र.