गरम झालेली मशीन

पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसने पप्पांच्या उजव्या हाताची चार बोटं घेतली तेव्हा मी बारावीला होते. अंगठा राहिला. मालकाने भरपाई दिली, पण तुर्भ्याच्या आमच्या खोलीत तिला कोणी भरपाई म्हणायचं नाही. सगळे ‘बोटांचे पैसे’ म्हणायचे. ते बँकेत मुदत ठेवीत गेले. मला त्यातला रुपया मिळाला नाही, मी मागितलाही नाही. आई खारघरला चार घरची भांडी घासायची, त्यावर माझं बी.कॉम. झालं. बोटांचे पैसे धाकट्या बहिणीच्या नर्सिंगला, हे घरात ठरलेलं होतं. तिला मार्क माझ्यापेक्षा चांगले होते. हे लिहायला मला आजही जड जातं.

आमच्या अख्ख्या खानदानात पदवी घेणारी मी पहिली. सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. मग खारघरच्या एका ऑफिसात वेबसाइटसाठी मराठी लिहायची नोकरी लागली. साबण, कर्ज, केसांचं तेल. एक दिवस विषय आला: ऑनलाइन स्लॉटचे प्रकार समजून घ्या. स्लॉट म्हणजे फोनवरची जुगाराची मशीन, पैसे लावून चाकं फिरवायची, चित्रं जुळली तर पैसे. मी दोन दिवस वाचून, समजून लिहिलं. तीन चाकांचा साधा स्लॉट, त्यात फळं, घंटा आणि सातचा आकडा. पाच चाकांचा, त्यात गाणी, गोष्ट आणि फुकट फेऱ्या. एकात जुळलेली चित्रं फुटतात आणि वरून नवी पडतात. एक जॅकपॉटवाला, सगळ्यांच्या पैशातला थोडा थोडा भाग त्यात साठत जातो. शेवटी मी लिहिलं होतं की प्रत्येक फेरी वेगळी असते, मागच्या फेरीचा पुढच्या फेरीशी काही संबंध नसतो. साहेब म्हणाले, हे काढ, वाचणाऱ्याचा मूड जातो. त्या जागी मी लिहिलं, ‘थोडक्यात हुकलं, म्हणजे नशीब जवळ आलंय.’ मला ते वाक्य आवडलंही होतं.

घरी येऊन ते पान मी पप्पांना वाचून दाखवलं. कौतुक हवं होतं, दुसरं काय. पप्पांनी तीनदा वाचायला लावलं आणि शाळेतल्या पोरासारखे प्रश्न विचारले. त्यांनी आयुष्यात मला कधी काही विचारलं नव्हतं. मी फुगले. त्यांच्या फोनवर खोट्या पैशांचा, नुसता सरावाचा खेळ मीच उघडून दिला. फोन डाव्या तळहातावर, उजवा अंगठा बटणावर. चार बोटं नसली तरी चालणारं काम त्यांना पहिल्यांदा मिळालं.

सरावात मशीन भरभरून द्यायची. पप्पांना त्यात नवल वाटलं नाही. म्हणाले, प्रेस पण सकाळी गार असते, माल बाद करते, एकदा गरम झाली की नग बरोबर निघतात. गरम मशीन सोडून उठायचं नाही, हे त्यांनी वीस वर्षं पाळलं होतं. मी हसून म्हटलं की पप्पा, यामागे कोणीतरी माणूस बसलेला असतो. त्यावर ते म्हणाले, “मशीन खोटं बोलत नाय. सुपरवायझर बोलतो.”

मग ते सकाळी उठून आंघोळ करायला लागले. कंपनीचा जुना शर्ट घालून आठला फोन घेऊन बसायचे, साडेबाराला जेवायचे, चारला उठायचे. आई शेजारणींना सांगायची, माणूस सुधारला. सराव कधी संपला आणि खरं कधी सुरू झालं, ते आम्हाला कळलं नाही. ठेवसुद्धा फोनवरच मोडता येते, त्यालाही अंगठाच लागतो.

धाकटीचा नर्सिंगला नंबर लागला. फी भरायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. आईने बोटांचे पैसे काढायला सांगितलं तर पप्पा म्हणाले, मंगळवारपर्यंत थांबा, मशीन आता गरम झालीये. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. ठेव नव्हती. खात्यातही काही नव्हतं.

मी ओरडले नाही. तेच पान उघडून त्यांना पुन्हा मोठ्याने वाचून दाखवलं, काढून टाकलेल्या वाक्यासकट. ही मशीन गरम होत नाही, पप्पा. हिची प्रत्येक फेरी पहिलीच असते.

“पण तूच लिहिलं होतंस,” ते म्हणाले, “जवळ आलंय म्हणून. तीनातले दोन सात रोज लागायचे माझे.”

मला तिथे थांबता आलं असतं. पण मला माझी चूक त्यांच्या गळ्यात घालायची होती. मी म्हटलं, “प्रेसला तुमची बोटं नको होती. मध्ये आली म्हणून गेली. हिला तीच हवी होती, आणि तुम्ही स्वतः नेऊन दिलीत.”

पप्पांनी उजवा हात शर्टाच्या खिशात घातला. चार बोटं गेली तेव्हाही त्यांनी हात कधी लपवला नव्हता.

धाकटी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. “ताई, छान लिहिलंयस,” ती म्हणाली. “न शिकलेल्या माणसालासुद्धा कळलं.”

शुक्रवार गेला. तुर्भ्याच्या एका गोडाऊनमध्ये धाकटी आता खोक्यांना पट्ट्या मारते. पप्पा आठला उठत नाहीत. माझं ते पान ऑफिसात सगळ्यात जास्त वाचलं गेलं आणि माझी नोकरी पक्की झाली. ती मी सोडली नाही, घर तिच्यावरच चालतं. आमच्या घरात मी पहिली पदवीधर झाले, आणि एकटीच राहिले.